चौकशीला आलेली मुलगी

शुक्रवारी सकाळी इरावती खांबेटेने ऑफिसात येऊन मेल उघडला, तेव्हा पडताळणी करणाऱ्या एजन्सीचा अहवाल येऊन पडला होता. उमेदवार वैभव राऊळ, पत्ता लालबाग, आणि निष्कर्ष एवढाच : 'दार बंद आढळले.'

इरावतीला हसावं की रडावं ते कळेना. ती दादरची असली तरी तिची मावशी परळच्या चाळीत राहायची, त्यामुळे चाळीतलं दार दिवसाउजेडी बंद नसतं एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. असलंच, तर घरातले गावाला गेलेले असतात किंवा आत भांडण चालू असतं, आणि दोन्ही प्रसंगी शेजारीण कुणी न विचारता साद्यंत हकीगत सांगते. एजन्सीचा माणूस लालबागला फिरकलाच नव्हता हे उघड होतं. पण अहवाल म्हणजे अहवाल, आणि पत्त्याची पडताळणी झाल्याशिवाय वैभव राऊळला सोमवारी कामावर घेता येत नव्हतं.

इरावती ज्या 'झिपोरा' कंपनीत होती, ती लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या जागेत उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत होती. गिरणीची चिमणी तेवढी आठवण म्हणून ठेवली होती आणि तिला निळे दिवे लावले होते. मीटिंगच्या खोल्यांना 'बॉबिन', 'साचा' आणि 'ताणाबाणा' अशी नावं होती. कंपनी 'सोल्यूशन्स' द्यायची. कसली, असं कुणी विचारलंच तर लोक उठून फळ्याकडे जायचे आणि बाण काढायला लागायचे.

या कंपनीत माणसं आणायची आणि आलेल्यांना रुळवायचं हे इरावतीचं काम. आणायचं काम ती करायची. रुळवायची वेळ मात्र फारशी यायची नाही. उमेदवार सगळ्या मुलाखती हसतमुखाने द्यायचे, ऑफर लेटर घ्यायचे, ते जुन्या साहेबाच्या नाकासमोर नाचवून तिथेच पगार वाढवून घ्यायचे, आणि सोमवारी फोन बंद करून बसायचे. इकडे इरावती पहाटे उठून फुगे फुगवायची, 'वेलकम' लिहिलेला केक आणायची, सगळ्यांना रिसेप्शनपाशी गोळा करायची. माणूस यायचाच नाही. शेवटी केक अकाउंट्सवाले खायचे. हल्ली तर ते शुक्रवारीच विचारायचे, "या सोमवारी कोण येणार नाहीये?"

गंमत म्हणजे इतरांना कायम करायची पत्रं टाइप करणारी इरावती स्वतः अजून कायम नव्हती. तिची प्रोबेशनची मुदत दर वेळी वाढायची आणि तिचे साहेब हितेंद्र गुप्ते दर वेळी म्हणायचे, "कळवतो." त्यातून तिच्या आईने शेजारपाजारी 'आमची इरा पर्मनंट झाली' असं कधीच सांगून टाकलं होतं. त्यामुळे जिन्यात कुणी अभिनंदन केलं की इरावतीला चोरी केल्यासारखं व्हायचं. ते तिला आतून फार लागत होतं.

हितेंद्र गुप्त्यांचं पद होतं 'चीफ हॅपिनेस ऑफिसर'. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"इरा, हा वैभव लास्ट चान्स आहे."

"कोणाचा, सर?"

"आपला," हितेंद्र म्हणाले. मग थोडा विचार करून, "म्हणजे तुझा. तो सोमवारी आला की तुझं कन्फर्मेशन मी त्याच दिवशी साइन करतो. नाही आला तर मग बघू. एजन्सीला सोड, तू स्वतः जाऊन ये लालबागला. तुला वाटेवरच आहे."

"आज? या अवतारात?"

'या अवतारात' म्हणायचं कारण, त्या दिवशी कंपनीत 'एथनिक फ्रायडे' होता. हितेंद्र स्वतः फेटा बांधून बसले होते आणि त्यांना मान वळवता येत नव्हती. इरावतीने मावशीची डाळिंबी रंगाची जरीची साडी नेसली होती, नाकात चापाची नथ होती आणि केसांत मोगऱ्याचा गजरा.

"अगं, उलट छान. कल्चरल कनेक्ट! आणि जातेच आहेस तर त्याचं वेलकम किट पण घरी देऊन ये. पर्सनल टच."

वेलकम किटमध्ये तीन वस्तू होत्या : कंपनीचं नाव छापलेला मग, तुळशीचं रोप आणि पेढ्यांचा पुडा. इरावतीने तो छापील मग काढून ठेवला, कारण तिला एक अडचण माहीत होती. वैभवने कागदपत्रं देताना तिला कळवळून सांगितलं होतं, "मॅडम, मी बँक सोडतोय हे घरी अजून बोललो नाही. बाबा त्याच सहकारी बँकेत शिपाई होते. ते गेले आणि बँकेने मला घेतलं. आईला बँक म्हणजे देव्हारा आहे. तुमच्याकडे एकदा जॉइन झालो की पेढे घेऊनच सांगेन. तोवर प्लीज, घरी नोकरीचा न सुद्धा नको." आणि कंपनीचा नियमही तोच होता : शेजाऱ्यांना पडताळणीचं कारण सांगायचं नाही. तेव्हा इरावती निघाली ती नथ, गजरा, तुळस आणि पेढे घेऊन, आणि कशासाठी आलोय ते कुणालाही न सांगण्याचा निश्चय करून.

लालबागला मसाल्याच्या दुकानांच्या रांगेतून जाताना मिरची कुटणं जोरात चालू होतं. सवयीचे लोक शिंकतही नव्हते. इरावतीच्या डोळ्यांना मात्र धार लागली. राऊळांच्या चाळीचा जिना चढून ती पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आली तेव्हा तिचे डोळे लालबुंद झाले होते आणि काजळ गालावर उतरलं होतं.

गॅलरीत राऊळांच्या शेजारीण नलूमावशी कोलंबी सोलत बसल्या होत्या. राऊळांचं दार शेजारीच होतं आणि सताड उघडं होतं.

"वैभव राऊळ इथेच राहतात ना?" इरावतीने पदराने डोळे पुसत विचारलं.

नलूमावशींनी आधी नथ पाहिली, मग गजरा, मग पुडा, मग तुळस, आणि शेवटी ते डोळे.

"रडतंस कित्याक गो बाय? काय केल्यान त्याने?"

"नाही हो, त्यांनी काही नाही केलं. ते खाली मिरची..."

"तसाच सांगतत सगळी," नलूमावशी म्हणाल्या आणि त्यांनी कोलंबीची परात बाजूला सरकवली. "बस. मोकळेपणान् बोल."

इरावती पाटावर बसली आणि तिने फोनवर कंपनीचं ॲप उघडलं. त्यात शेजाऱ्यांना विचारायचे प्रश्न क्रमाने होते.

"मला वैभवबद्दल थोडी माहिती हवी होती. किती वर्षं ओळखता त्यांना?"

"जन्मल्यापासून! माझ्या मांडीयेर वाढलो तो."

"स्वभावाने कसे आहेत?"

"गरीब गाय. आवाज म्हणून नाय त्याचो."

"काही व्यसन?"

"च्या," नलूमावशी प्रामाणिकपणे म्हणाल्या. "दिवसभर च्या पिता. आणि गणपतीत नाचता, पण ता काय, सगळीच नाचतत."

"राहतं घर स्वतःचं आहे?"

"पागडीचा आसा. पण टॉवर होतलो ना आता! मग मोठो ब्लॉक गावतलो." त्या पुढे झुकल्या. "तू त्याची काळजी करू नको. सासू पण साधी आसा."

शेवटच्या वाक्याच्या वेळी इरावती 'समाधानकारक' या चौकटीत खूण करत होती, त्यामुळे ते तिच्या कानावरून गेलं. "आणि, म्हणजे राग मानू नका, पोलीस केस वगैरे?"

नलूमावशींनी छातीला हात लावला. "तुझ्या घरच्यांनी विचारूक सांगल्यानी?"

"आमच्याकडे विचारावंच लागतं, मावशी. येईल त्या प्रत्येकाचं विचारतो."

"प्रत्येकाचा? म्हणजे याआधी पण बघितलंस?"

"पुष्कळ," इरावती म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत कुणी आपुलकीने विचारलंच नव्हतं म्हणून तिला एकदम भरून आलं. "सगळे हो म्हणतात हो. अगदी गोड बोलतात. आम्ही सगळी तयारी करतो, माणसं जमतात, मी सकाळपासून नटून उभी, आणि हा आयत्या वेळी फोन बंद करून बसतो! दर वेळी तेच. लोक तोंडावर हसतात आता माझ्या."

नलूमावशींच्या डोळ्यांतून टपकन पाणी आलं, आणि ते मिरचीचं नव्हतं. अशा सोन्यासारख्या पोरीला पुन्हा पुन्हा मांडवात टाकून पळणाऱ्या अनोळखी पुरुषांना त्यांनी मालवणीतल्या निवडक शिव्या दिल्या. मग गॅलरीच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि हाक मारली, "सुभद्रे! ए सुभद्रे! बाहेर ये आधी! आणि कुशाबांका बोलवा रे कोणीतरी!"

चाळीत कुशाबांना बोलावतात ते दोनच प्रसंगी, पाणी येईनासं झालं किंवा लग्न ठरायला आलं की. ते चाळीच्या मंडळाचे अध्यक्ष, गिरणीतून बाहेर पडलेले, आणि चाळीतल्या प्रत्येक सोयरिकीची चौकशी त्यांनी स्वतः पायी जाऊन केलेली. त्यांनी शर्ट घातला, टोपी चढवली आणि ते गंभीरपणे राऊळांच्या खोलीत येऊन बसले. दारात आणि खिडकीत चाळ जमली.

वैभवची आई सुभद्राबाई हात पुसत उभी होती. मुलाने आपलं आपण जमवलं याचं तिला थोडं दुःख होतं, पण मुलगी पाहून ते फार टिकलं नाही. तिने पटकन कांदेपोहे केले आणि इरावतीच्या हातात बशी दिली. मुलीने आणायचे पोहे मुलाच्या आईने मुलीपुढे आणले, हे पाहून खिडकीतल्या कुणीतरी 'आता जमाना बदलला' असा शेरा मारला.

"घरी कोण कोण असतं?" नाव-गाव विचारून घेऊन कुशाबांनी सुरुवात केली.

"आई आणि मी."

"नोकरी?"

"लोअर परळला. आधी गिरणी होती ना, चिमणीवाली, तिथे."

कुशाबांचा चेहराच बदलला. "त्या गिरणीत माझं उभं आयुष्य गेलं, पोरी! बरं. मग तुमचं काय ठरलं?"

"आमच्याकडून तर होकारच आहे," इरावती म्हणाली. मग तिला वैभवला दिलेला शब्द आठवला आणि ती घाईने म्हणाली, "पण मी जास्त नाही बोलणार. सोमवारी वैभवच सगळं सांगतील तुम्हाला. मी बोलले तर त्यांना आवडायचं नाही."

"आत्तापासून त्याच्या मनाचा बघता गो!" नलूमावशी कुजबुजल्या.

"फक्त एक फोटो हवा होता. दारात, आईंच्या बरोबर. तो घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही." ॲपची तशी अटच होती. सुभद्राबाई आत जाऊन नवी साडी नेसून आली. कुशाबांनी फोटो काढला. तुळस दोघींच्या मध्ये ठेवली होती.

निघताना सुभद्राबाईने तिला कुंकू लावलं आणि हातात नारळ दिला. "येत जा गो," एवढंच ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापला. पोहे खाताना इरावतीला एकदा वाटून गेलं होतं की पत्त्याच्या पडताळणीच्या मानाने ही माणसं फारच जीव लावतायत. पण ऑफिसात मायेचा इतका दुष्काळ होता की ती समोर आली तरी तिला धड ओळखता आली नाही. जिना उतरता उतरता तिने ॲपमध्ये भरलं : 'शेजाऱ्यांचा अभिप्राय अत्यंत अनुकूल.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी नारळ खवत असताना वैभवचा फोन आला. तो दबक्या आवाजात बोलत होता, बहुधा गच्चीवरून.

"मॅडम, तुम्ही आमच्या घरी नक्की काय सांगून आलात?"

"काही नाही! तुम्हीच म्हणालात, न सुद्धा नको. मी नोकरीचं अवाक्षर काढलं नाही."

"तोच तर घोळ झाला ना! नथ घालून, पेढे घेऊन, माझं व्यसन विचारत फिरलात. चाळीत अशी चौकशी कशासाठी करतात? आईने माझी पत्रिका काढून देवापुढे ठेवलीय. नलूमावशीने तुमचे पेढे सगळ्या मजल्यांवर वाटले, पुरले नाहीत म्हणून आणखी आणले."

इरावतीच्या हातातला नारळ खवणीवरच थांबला. एक एक वाक्य तिला आठवत गेलं : होकार, घरचे, नटून उभी, आयत्या वेळी फोन बंद. तिचे कान गरम झाले.

"अरे देवा. मग तुम्ही खरं सांगून टाका ना!"

"खरं सांगायचं तर बँकेचं सांगावं लागेल. मग आई सोमवारी मला उंबरा ओलांडू देणार नाही. काल मी नुसतं 'तसं काही नाहीये गं, सोमवारी सांगतो' म्हटलं, तर सगळे गालातल्या गालात हसले."

इरावतीने डोळे मिटले. आत्ता खरं सांगितलं तर वैभव येणार नाही, वैभव आला नाही तर ती कायम होणार नाही, आणि ती कायम झाली नाही तर आईने सगळ्यांना सांगितलेलं खोटं तसंच राहणार. सोमवारपर्यंत गप्प बसलं तर मात्र सगळ्यांचंच भलं होतं. आपण वाईट वागतोय हे तिला कळत होतं. सुभद्राबाईचा कापलेला आवाज आठवून तिला लाजही वाटली. तरी ती म्हणाली, "मग असू दे तसंच. दोनच दिवसांचा प्रश्न आहे. पण तुम्ही नक्की याल ना?"

"नक्की, मॅडम."

"शपथ?"

"आईशपथ."

"आईची नको," इरावती घाईने म्हणाली. "दुसऱ्या कुणाची तरी घ्या."

रविवार तिने कसाबसा काढला. सोमवारी ती फुग्यांचं पाकीट आणि केक घेऊन कंपनीच्या गेटपाशी आली तेव्हा वॉचमन घाडीगावकरांनी तिला थांबवलं. ते तिच्याकडे पाहून सूचक हसत होते.

"मॅडम, शनिवारी तुमची चौकशी करूक एक काका इल्ले. टोपीवाले, हातात छत्री. आमच्या बाजूच्याच गावचे निघाले."

"कसली चौकशी? काय सांगितलंत तुम्ही?"

"खरा ता सांगितलंय. म्हटलं, मॅडम एक नंबर. रोज आपणहून हसून बोलतात. आणि कंपनी विचारलात तर, माणूस येता तसो जाता, आम्ही गेटपास सुद्धा पेन्सिलीन लिवतो. मग ते टपरीवर गेले, थय च्या घेतली, टपरीवाल्याक पण विचारल्यानी. मग वर गुप्ते सायबांका भेटूक गेले. मस्त अर्धो दिवस होते."

इरावतीच्या हातातला केक तिरका झाला. कुशाबा! मुलीकडून चौकशी झाली, तर मुलाकडून व्हायला नको? रीतच होती ती. आणि साहेबांसमोर बसून त्यांनी काय काय विचारलं असेल या विचाराने तिला लिफ्टमध्ये घाम फुटला. उमेदवाराच्या घरी जाऊन स्वतःचं लग्न जमवून आलेली मुलगी कुठली कंपनी कायम करणार होती?

तरी तिने फुगे बांधले. रिसेप्शनपाशी सगळे जमले. ऑफिसची वेळ झाली आणि टळूनही गेली. वैभव आला नाही. तिने फोन लावला, तो बंद होता. अकाउंट्सवाले कागदी बशा घेऊन हळूहळू पुढे सरकले, आणि तेवढ्यात हितेंद्र साहेबांचा निरोप आला : 'बॉबिन'मध्ये ये.

साहेब खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. "बस, इरा. मला सगळं कळलंय."

"सर, मी सांगणारच होते. तो सगळा गैरसमज..."

"कधी सांगणार होतीस? नोटीस देताना?" हितेंद्र वळले. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. "शनिवारी तुझं बॅकग्राउंड चेक करायला माणूस आला होता. तू दुसरीकडे चाललीयस आणि मला शेवटी कळतं?"

इरावती खुर्चीच्या कडेवर बसली.

"आणि काय माणूस, इरा! आपली एजन्सी लाजेल. लॅपटॉप नाही, फाइल नाही. येऊन शांत बसला इथे, या खुर्चीत. म्हणाला, 'या जागेत माझं उभं आयुष्य गेलंय.' म्हणजे आपल्याआधी इथे जी कंपनी होती ना, तिचा कोणीतरी डायरेक्टर असणार. नंतर मला विचारतो, 'मुलगी रागीट आहे का?' मी गारच पडलो. आपण एवढ्या फेऱ्या घेतो मुलाखतीच्या, हा प्रश्न आपल्याला सुचला कधी? मग विचारलं, 'घरचं काम स्वतःचं समजून करते का?' ओनरशिप! 'चार माणसांत मिळून-मिसळून राहील का?' टीमवर्क! 'मोठ्यांना उलटून बोलते का?' आणि शेवटी, 'तुमच्याकडून कधीपर्यंत मोकळी होईल?'"

"मग तुम्ही काय सांगितलंत?" इरावतीने विचारलं.

"मी म्हटलं, बरी आहे, पण इतकी काही खास नाही. तुला सोडायचं नव्हतं ना! तर तो हसला. म्हणाला, 'असू दे. आमच्याकडे माणूस आलं की कायमचं. आम्ही असं अधांतरी ठेवत नाही कुणाला.'" हितेंद्र खुर्चीत बसले आणि त्यांनी कपाळ पुसलं. "कायमचं, इरा! पहिल्या दिवसापासून! आजच्या मार्केटमध्ये कोण देतं असं? मी दोन दिवस अस्वस्थ आहे. तू गेलीस तर सोमवारी फुगे कोण बांधणार?"

त्यांनी एक पाकीट टेबलावरून पुढे सरकवलं. आत तिच्या नावाचं पत्र होतं, कायम केल्याचं, वर 'सीनियर' हा शब्द चढवलेला. जे पत्र तिने दुसऱ्यांसाठी इतक्यांदा टाइप केलं होतं, ते तिच्या हातात आलं होतं, आणि तिला वाटलं होतं तसा आनंद काही होईना.

"पण सर, वैभव आलेला नाहीये."

"अगं, मरो तो वैभव! तू सही कर. आत्ता, माझ्यासमोर."

इरावतीने पेन उचललं. ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती. साहेबांना खरं काय ते सांगून टाकावं म्हणून ती श्वास घेत होती, तेवढ्यात फोन थरथरला. वैभवचा मेसेज होता, लांबलचक.

'मॅडम, मनापासून माफी. कुशाबाकाकांनी काल सगळ्या चाळीसमोर तुमचा रिपोर्ट दिला. आई इतकी खूश झाली की मला सहन होईना, म्हणून सगळं सांगून टाकलं, बँकेचं आणि तुमच्या कंपनीचं. वाटलं होतं आई ओरडेल. ती नुसती म्हणाली, आधी बोलला असतास तर. काका मात्र एकदम खूश. म्हणाले, अरे मग बरंच झालं की, मी दोन्हींची चौकशी करून आलोय. साहेबापासून वॉचमनपर्यंत कोणी कंपनीबद्दल धड बोललं नाही, आणि मुलीबद्दल साहेब सोडून कोणी वाईट बोललं नाही. त्यांचा निकाल असा : मुलगी पसंत, कंपनी नापसंत. आज सकाळी बँकेत जाऊन राजीनामा मागे घेतला. आई विचारतेय, तुम्हाला मासे चालतात का.'

इरावतीने मेसेज वाचला. मग समोरचं पत्र वाचलं. काचेबाहेर अकाउंट्सवाले केक कापत होते आणि गुलाबी फुग्यांपैकी एक हळूहळू खाली येत होता. या जागेत इतके दिवस काढून तिला जे दिसलं नव्हतं, ते कुशाबांनी अर्ध्या दिवसात दोन कप चहावर पाहून नेलं होतं. आणि त्या चाळीत ती तास-दीड तास बसली होती, तेवढ्यात तिला पोहे मिळाले, नारळ मिळाला, वर 'येत जा' सुद्धा मिळालं.

"काय विचार करतेस?" हितेंद्र म्हणाले. "सही कर ना."

इरावतीने पेनाचं टोपण लावलं, पत्र व्यवस्थित घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि ती उठली.

"घरी विचारून कळवते, सर."

हा शब्द हितेंद्र गुप्त्यांनी आजवर शेकडो लोकांना ऐकवला होता. कुणी त्यांनाच ऐकवण्याची ही पहिलीच वेळ. ते अर्धवट उठून उभे राहिले. "कळवते म्हणजे? कधी?"

"पुढच्या सोमवारी," इरावती दारातून गोड हसून म्हणाली. "तुम्ही फुगे बांधून ठेवा."